शिवडीच्या जोत्यावरचं शून्य

मिल बंद झाली त्या वर्षी खंडेनवमीला बाबा नेहमीसारखे झेंडूचा हार घेऊन गेले आणि तो बंद गेटच्या कुलपाला बांधून परत आले. मी तेव्हा तिसरीत होते. आदल्या वर्षीपर्यंत नवमीला आम्हा पोरांना मिलमध्ये आत सोडायचे. पुसून लख्ख केलेले साचे, म्हणजे कापड विणायचे माग, प्रत्येकाला हार, तेलाचा आणि कापसाच्या तुसाचा वास, आणि सगळं खातं गप्प. बाबांना साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय. त्या शांततेतही ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "ह्यो माझो साचो!" आख्खं खातं हसलं होतं.

कुलपाला हार बांधून आल्यावर ते हळू बोलायला लागले. डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. आई दिवसभर साड्यांना फॉल-बिडिंग करायची, संध्याकाळी पेज आणि भाजलेली सुकट. बाबा पुढचे कित्येक महिने पाळीच्या वेळेला डबा घेऊन जिना उतरायचे, गेटसमोरच्या कट्ट्यावर बसायचे, डबा तिथेच खायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. आम्हाला ते ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. ती डबा भरत राहिली.

हे सगळं आज आठवायचं कारण दादरचा फूलबाजार. सकाळी तिथून आले. पुलाखाली झेंडूचे डोंगर लागलेत, केशरी आणि पिवळे. हवेत ऑक्टोबरचा तो कोरडा, पाठीवर बसणारा उकाडा, आणि पायाखाली तुडवलेल्या पाकळ्यांचा कडवट-ओला वास. तो वास नाकात गेला की दरवर्षी मला परीक्षेला निघाल्यासारखं वाटतं. तीन किलो झेंडू घेतला. फूलवाली म्हणाली, "एवढा कशाला ताई, गाडी आहे का?" मी म्हटलं, "गाडी नाही. यंत्र आहे." तिला काय सांगणार कसलं यंत्र! तुम्हाला सांगते.

शाळेत आपण पाठ केलेलं असतं, गुरुत्वाचं त्वरण नऊ पूर्णांक आठ. संपला विषय. मलाही वाटायचं संपला. एमएस्सीला कळलं की खरी मजा त्या आठच्या पुढे आहे. पुढचे आकडे गावागणिक बदलतात, मजल्यागणिक बदलतात. खाली जड दगड असेल तर ओढ जास्त, वर चढलं की कमी. चंद्र डोक्यावरून सरकतो तसा आकडाही रोज थोडा वरखाली होतो. आपल्याला काही जाणवत नाही. पण स्प्रिंगला टांगलेल्या एका छोट्या वजनाला ते जाणवतं, आणि ते बघायचं काम मला सरकारी खात्यात मिळालं होतं!

काम असं होतं. देशभर ठिकठिकाणी पक्के बिंदू बांधायचे, पितळेची चकती दगडात बसवून, आणि तिथली गुरुत्वाची किंमत नेमकी मोजून ठेवायची. कोणाला जमिनीखालचं खनिज शोधायचंय, कोणाला उंची मोजायचीय, कोणाला नाजूक वजनकाटे तपासायचेत, त्याने जवळच्या बिंदूवर यावं आणि तिथून सुरुवात करावी. असे बिंदू एकमेकांना जोडले की जाळं होतं. राष्ट्रीय जाळं. त्यातले मुंबईचे बिंदू आमच्या तुकडीकडे होते. तुकडी म्हणजे आमचे सर, मी आणि गाडी चालवणारे मोहनदादा.

सर पुण्याचे, बोलणं मोजकं, पेन्सिल कायम कानावर. पहिल्या दिवशी त्यांनी मला परळच्या एका जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर नेलं. मागच्या खोलीत जमिनीपासून सुटा उभारलेला काँक्रीटचा चौथरा आणि त्यावर ते मोठं यंत्र. आत हवा नाही, निर्वात पोकळी. तिच्यात एक आरसा वीतभर खाली पडतो. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ. पण पडताना तो किती वेळात किती खाली आला हे लेझर आणि अणुघड्याळ मोजतात. मग यंत्र आरशाला उचलून वर नेतं, पुन्हा सोडतं. शंभर वेळा, हजार वेळा. टक. टक. टक. मी कानावर हात ठेवून हसायलाच लागले. सर म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही सर. एवढं सगळं करून शेवटी वस्तू पाडूनच बघायची!"

"मग दुसरं काय करणार?" सर म्हणाले आणि तेही पहिल्यांदा हसले.

दुसरं यंत्र लहान, डब्याएवढं, स्प्रिंगवालं. ते माझं. आरसा पाडणाऱ्या यंत्राला गावभर फिरवता येत नाही, म्हणून त्याने परळला खरी किंमत काढायची आणि मी स्प्रिंगवालं घेऊन परळ, गिरगाव, शिवडी आणि पुन्हा परळ असा फेरा मारून प्रत्येक ठिकाणचा फरक आणायचा. फेरा निघाल्या जागी संपलाच पाहिजे. कारण स्प्रिंग दिवसभरात थकते, हळूहळू सैलावते. परत आल्यावर परळचा आकडा सकाळशी जुळवून बघायचा, म्हणजे किती सैलावली ते कळतं. हळू सैलावली तर चालतं. मधेच धक्का बसून एकदम उडी मारली तर सगळा फेरा वाया. आत ठरावीक ऊब लागते, बॅटरी क्षणभर काढायची नाही, तिरपं करायचं नाही, आपटायचं तर नावच नको. मोहनदादांनी त्याचं नाव 'सासूबाई' ठेवलं होतं. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी मुंगीच्या पावलाने नेत म्हणायचे, "बसा सासूबाई, रागावू नका, आला महानगरपालिकेचा डोंगर."

मी सासूबाईंना मांडीवर घेऊन बसायचे. लालबागच्या पुलावरून जाताना, खाली आमचीच वस्ती, मिलच्या जुन्या चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे, आणि मांडीवर देशाच्या जाळ्याचा एक धागा. खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटायचं. आमच्या घराण्यात कॉलेजचा जिना चढलेली मी पहिली. चाळीतल्या शेजारीण काकू गॅलरीतून ओरडायच्या, "काय गं, पृथ्वीचं वजन करून आलीस का?" मी खालूनच सांगायचे, "अर्धं झालं काकू, उरलेलं उद्या!"

आता शिवडी. तिथला बिंदू मी सुचवला होता. मिलनंतर बाबा शिवडीच्या एका गोदामात काटेवाले म्हणून लागले होते. टेकडीच्या पायथ्याला, काळ्या दगडाच्या जोत्यावरचं गोदाम. रविवारी मी डबा घेऊन जायचे. दांडीचा मोठा काटा, एका बाजूला लोखंडी वजनं, दुसऱ्या बाजूला गोणी. हमालांना घाई, ट्रकवाले हॉर्न मारतायत, "ओ काटेवाले, जल्दी करो ना!" आणि बाबा फडक्याने काट्याचा पाट पुसतायत, फुंकर मारून धूळ उडवतायत, दांडी थरथरायची थांबेपर्यंत बघतायत. मला म्हणायचे, "आधी काटो शून्यार येवंदे, मगे गोणी चढव. शून्य चुकला, तर दिवसभर सगळाच चुकता." पदवीपर्यंत मी जेवढे प्रयोग केले त्या सगळ्यांच्या आधी मला हे माहीत होतं.

तर सरांनी शिवडीला जागा शोधायला सांगितल्यावर मला ते जोतं आठवलं. खाली सलग कातळ, खाडीकाठच्या चिखलापासून वर. सरांनी हातोडीने ठोकून बघितलं, "छान आहे" म्हणाले आणि चकती बसली. त्या रात्री जेवताना बाबांना सगळं समजावून सांगितलं. पन्नास किलोची गोणी स्प्रिंगच्या काट्यावर तळमजल्यावर तोलली आणि तीच आपल्या तिसऱ्या मजल्यावर आणून तोलली, तर तांदळाच्या सहा-सात दाण्यांएवढी हलकी भरेल. बाबांचा घास हातात राहिला.

"मगे दाणे गेले खय?"

"कुठेच नाही गेले. ओढ कमी झाली."

"म्हणजे माझो काटो चुकाचो?"

"तुमचा नाही बाबा. तुमच्या दांडीला दोन्ही बाजूंना वजनच. वर आणलं की गोणी हलकी, तुमची लोखंडी वजनंही तेवढीच हलकी. दांडी सरळच राहणार."

बाबांनी आईकडे असं बघितलं की जणू लॉटरी लागलीय. गोदामात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि त्यांना घरी बसवलं होतं, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. "आयकलस? दांडीचो काटो फसना नाय! त्या बटनाच्या काट्याक जागा बघूची लागता, माझ्याक नाय!" आई म्हणाली, "आयकलंय. आता भात गिळा."

आणि खरंच तसं आहे. बटणाच्या नाजूक काट्याला तिथल्या गुरुत्वाची किंमत सांगावी लागते. ती किंमत कुठून आणणार? बिंदूवरून. मी बाबांना म्हटलं, "त्या काट्याला शून्याची अक्कल आता तुमच्याच जोत्यावरून मिळणार." दुसऱ्या दिवसापासून ते चाळीत सगळ्यांना सांगत फिरायला लागले.

खंडेनवमीच्या दिवशी शेवटचा फेरा होता. मोठं यंत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या शहराला निघणार होतं, त्याच्या आधी आमची जोडणी पूर्ण व्हायला हवी. परळ झालं, गिरगाव झालं. गिरगावात वाटेवर झेंडूचे पिवळेधमक पट्टे, दुकानांत हत्यारं मांडलेली, सुताराची करवत, शिंप्याची कात्री, केस कापायच्या मशीनलासुद्धा कुंकू. साडेअकराला शिवडीला पोचलो. गोदामातही पूजा चाललेली, आणि बाबा तिथे हजर. इस्त्रीचा सदरा, हातात हार, पिशवीत नारळ. जुन्या साथीदारांनी बोलावलं होतं.

मी जोत्यावर सासूबाईंना ठेवलं, पातळी जुळवली, वाचनाचे दोन संच घेतले. तिसरा राहिला होता. बाबा लांब उभे राहून यंत्राकडे बघत होते, मिलच्या गेटकडे बघायचे तसे. आणि मला काय वाटलं कोण जाणे. मीच म्हटलं, "बाबा, हार घाला ना हिला. हेही हत्यारच आहे आपलं."

त्यांनी हार यंत्राला न टेकवता भोवती गोल ठेवला. हळद-कुंकवाचं बोट चकतीच्या कडेला लावलं. मी हात जोडले. डोळे मिटले, तेच चुकलं. कारण पुढचं त्यांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की मी सांगायची वाट त्यांनी बघितलीच नाही. साच्यापुढे जसा फोडायचे तसा, जोत्याच्या कडेवर, सगळा जोर लावून, फाट्कन नारळ!

मी डोळे उघडले तेव्हा बाबा नारळाची कवड हातात धरून हसत होते. पाणी दगडावरून ओघळत होतं. मी पण हसले. मग तिसरा संच घेतला आणि आकडा सरकलेला दिसला.

नेमका तेव्हाच रस्त्यावरून एक ट्रक गेला होता. नोंदवहीत शेऱ्याचा रकाना असतो. मी तिथे लिहिलं, 'रहदारी'. बाबांनी प्रसाद म्हणून खोबऱ्याचा तुकडा दिला, तो मी रुमालात बांधून ठेवला.

संध्याकाळी परळला फेरा जुळेना. थोडाथोडका नाही, सरळ उडी. सर कानावरची पेन्सिल काढून नोंदवही चाळत बसले. शेजारच्या खोलीत आरसा पडत होता, टक, टक. सर म्हणाले, "धक्का कुठे बसला ते कळत नाही. कळलं नाही तर चूक सगळ्या बिंदूंवर वाटून टाकावी लागेल, किंवा शिवडी गाळायची. ही रहदारी किती वेळ होती?"

माझ्यापुढे दोन वाटा होत्या आणि पहिली फार सोपी होती. 'पाच मिनिटं, जड ट्रक होता,' एवढंच म्हणायचं. मुंबईत ट्रक कोण तपासतंय? गिरगावची किंमत थोडी बिघडली असती, शिवडीची थोडी बिघडली असती, आणि ती तशीच जाळ्यात बसली असती. पुढची कित्येक वर्षं लोक त्या चुकीच्या शून्यावरून मोजत राहिले असते. आणि खरं सांगितलं तर? चाळीतून आलेली पोरगी, सरकारी यंत्रापुढे नारळ फोडते, ही गोष्ट माझ्याआधी खात्यात पोचली असती. पहिल्या पिढीतल्या माणसाला अशी गोष्ट परवडत नाही हो. दुसऱ्यांची चूक ही चूक असते. आमच्या चुकीवर लोक म्हणतात, "शेवटी वळणावर गेली."

पण मला फडक्याने पाट पुसणारे बाबा दिसत होते.

"सर, कारण रहदारी नव्हती. नारळ फोडला."

"काय?"

"नारळ. जोत्यावर. खंडेनवमीचा. बाबांनी फोडला, पण पूजा करा असं मी सांगितलं होतं."

दाराशी उभ्या मोहनदादांनी तोंडावर रुमाल धरला. मग सरांनी विचारलं, "यंत्रापासून किती लांब?"

"दीड हात."

"दुसऱ्या संचानंतर?"

"हो. तिसऱ्याच्या आधी."

"म्हणजे उडी तिथेच आहे." त्यांचा आवाज एकदम बदलला, कोडं सुटल्यावर बदलतो तसा. "मग 'रहदारी'वर एक रेघ मार. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. खाली खरं लिही, वेळेसकट."

मी लिहिलं. 'जोत्यावर नारळ फोडला.' वहीत आजही ते आहे, खाली माझी सही.

"आता असं," सर म्हणाले, "एकच दिवस उरलाय. उद्या दसरा. सुट्टी."

मोहनदादा म्हणाले, "सर, उद्या गाडीची पूजा आहे. लवकर उरकतो. सातला हजर."

"आणि उद्या," सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "परळमधली सगळी बांधकामं बंद असतील. जमिनीला हादरे नाहीत."

ती सकाळ मी विसरणार नाही! मोहनदादांनी गाडीची पूजा उरकलेली, बॉनेटवर हार, आणि मला बघताच म्हणाले, "ताई, लिंबू घरीच चिरडलं बरं का. सासूबाई बसायच्या आधी." परळमध्ये महिनाभर जमिनीत खांब ठोकत असलेलं ते राक्षसी यंत्र हार घालून उभं होतं, क्रेनच्या टोकालाही झेंडू. रस्ते रिकामे. तळमजल्यावरच्या खोलीत सर पडद्यावर बोट ठेवून उभे होते. आरसा पडत होता आणि एकेक आकडा आधीच्या आकड्याला चिकटून येत होता. "बघ, बघ," ते म्हणाले, "एवढं शांत मुंबई शहर मी कधी मोजलं नव्हतं." पुण्याचा माणूस, पण आवाज आमच्या बाबांसारखा चढला होता.

खंडेनवमीने बिघडवलं आणि दसऱ्याने निस्तरलं. साच्यांना, करवतींना, क्रेनला एक दिवस विश्रांती देणारी माणसं या शहरात आहेत, म्हणून आमचा आरसा नीट पडला. रात्री घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमचो सण पण तुमच्या सायन्साक लागता तर."

गिरगाव करून शिवडीला पोचलो तर गल्लीच्या तोंडाशी बाबा. आदल्या दिवशीचाच सदरा. मी घरी सगळं सांगितलं होतं. पहाटे उठून न सांगता निघून आले होते. गल्लीत आडवी हातगाडी लावलेली, आणि आपट्याची पानं घेऊन निघालेल्या पोरांना, मोटरसायकलवाल्यांना हात करून थांबवतायत.

"ओ काका, सोनं द्यायला जायचंय, सोडा ना!"

"धा मिनटां थांबा रे! माझ्या चेडवाचो काटो शून्यार येता हा!"

मला बघून त्यांनी चपला काढल्या आणि जोत्यापासून वीस पावलं लांब जाऊन उभे राहिले. तिथून हळूच, अगदी हळू विचारलं, "बाय, मी श्वास घेव काय नको?"

"घ्या बाबा. नारळ तेवढा नको."

पातळीचा बुडबुडा मधोमध आला. पहिला संच, दुसरा, तिसरा. आकडे एका ओळीत बसले, साच्यावरच्या ताण्याच्या धाग्यांसारखे. वर मान केली तर गल्लीतली सगळी माणसं, पोरं, मोटरसायकलवाले, इंजिन बंद करून, हातात आपट्याची पानं धरून चिडीचूप उभी. आख्खं खातं गप्प होतं तसं. बाबांनी लांबूनच मान उडवून विचारलं, झालं? मी मान हलवली. आणि ते त्या शांततेत, इतक्या वर्षांनी, बेंबीच्या देठापासून ओरडले, "झाला रे! सोडा!"

दुपारी परळला फेरा जुळला. सरांनी दोनदा तपासला. मग शिवडीच्या बिंदूचं वर्णन लिहायला बसले. जोत्याची जागा, चकतीची खूण, कुठून जायचं, आणि शेवटी शेरा. माझ्याकडे वही सरकवून म्हणाले, "बरोबर आहे ना?" लिहिलं होतं, 'खंडेनवमीस येथे मोजणी टाळावी.' ते वाक्य तसंच छापून गेलंय.

आजचे तीन किलो झेंडू त्याच यंत्रासाठी. आता माझ्या हाताखाली दोघीजणी काम करतात. हार खोलीच्या दाराला लागेल, यंत्राला नाही. नारळ बाबा घरी फोडतील, आमच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, आणि काकू विचारतील की पृथ्वीचं वजन झालं का.

शिवडीच्या गोदामाच्या जोत्यावरचा बिंदू राष्ट्रीय जाळ्यात आहे. त्याची किंमत पक्की आहे. ती मी मोजली.